डॉक्टर डूमचा माग: एका खलनायकाचे अंक कसे जमवावेत

पुण्याच्या एका तरुण वाचकाने मला विचारले आहे की, अमेरिकेच्या मार्व्हल कॉमिक्समधील डॉक्टर डूम हा त्याचा सर्वांत आवडता खलनायक आहे, त्याच्या काही कथा त्याने संगणकाच्या पडद्यावर वाचल्या आहेत आणि आता त्याला मूळ छापील अंक जमवायचे आहेत. परंतु डूमची अशी एकच सलग मालिका नसल्यामुळे आरंभ कोठून करावा, कोणता अंक डूमचा म्हणून धरावा आणि हाताशी असलेले मर्यादित पैसे कशावर खर्च करावेत, हे त्याला कळेनासे झाले आहे. हा प्रश्न मला फार जवळचा आहे. डूमचे अंक मी १९८९ पासून जमवत आलो आहे. त्यांतील अकरा वर्षे नोकरीनिमित्त न्यू जर्सीत काढली आणि बाकीची ठाण्यात. त्यामुळे उत्तर थोडे लांबेल, याची कल्पना आधीच देऊन ठेवतो.

पहिली गोष्ट म्हणजे, खलनायकाचा संग्रह हा नायकाच्या संग्रहासारखा नसतो. नायकाचे नाव मुखपृष्ठावर असते, अंकांना ओळीने क्रमांक असतात आणि कोणता अंक आपल्याकडे नाही हे बोट ठेवून सांगता येते. आपल्याकडे ज्यांनी लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधील वेताळाचे अंक जमवले, त्यांना हीच पद्धत अंगवळणी पडलेली असते. खलनायक मात्र दुसऱ्याच्या घरी येऊन जाऊन असतो. आज फॅन्टॅस्टिक फोर या चौघा नायकांच्या मालिकेत, पुढच्या महिन्यात स्पायडर-मॅनकडे, मग दीड वर्ष पत्ता नाही, आणि एकदम आयर्न मॅनच्या अंकात दर्शन. म्हणून इथे दुकानात जाऊन 'पुढचा अंक द्या' असे म्हणता येत नाही. माग काढावा लागतो, आणि या छंदातील निम्म्याहून अधिक आनंद त्या माग काढण्यातच आहे असे माझे मत आहे.

तुमच्यासारखे बहुतेक नवे संग्राहक प्रथम फॅन्टॅस्टिक फोरच्या पाचव्या अंकाकडे धाव घेतात. जुलै १९६२ हा महिना छापलेला, बारा सेंट किमतीचा, स्टॅन ली आणि जॅक किर्बी यांचा हा अंक म्हणजे डूमचे पहिले दर्शन. ऐतिहासिकदृष्ट्या त्याचे मोल मोठे आहे, यात शंका नाही. तथापि, त्याची फाटकी प्रतसुद्धा आता सामान्य नोकरदाराच्या ऐपतीबाहेर गेली आहे, आणि त्या अंकातला डूम हा आपण ज्याच्यावर जीव लावतो तो डूम अजून झालेलाही नाही. त्यात तो चौघांपैकी सू स्टॉर्मला ओलीस ठेवतो आणि बाकीच्या तिघांना कालयंत्रातून मागे पाठवून ब्लॅकबिअर्ड चाच्याची पेटी आणायला लावतो. कथा मजेची आहे. पण त्यात लॅटव्हेरिया हा त्याचा देश नाही, बाप नाही, आई नाही, राज्य नाही. आहे तो काळ्या जादूच्या नादी लागलेला एक मुखवटाधारी शास्त्रज्ञ. तेव्हा आरंभ तिथून करू नका.

माझा स्वतःचा आरंभ अगदी योगायोगाने झाला. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या पदपथावर जुन्या पुस्तकांचे ढीग लागतात. त्यांपैकी एका ढिगात मला फॅन्टॅस्टिक फोरचा २४७ वा अंक मिळाला. मागचे कव्हर नव्हते, दोन पानांना चहाचा डाग होता. जॉन बर्न यांनी लिहिलेल्या आणि चितारलेल्या १९८२ सालच्या त्या अंकात पदच्युत डूम आपल्या देशात परततो. त्याच्या जागी ज्याला गादीवर बसवले, त्या झोर्बाच्या कारभाराने लोक पिचून गेलेले आहेत आणि ज्याला आपण दुष्ट समजत होतो त्याच्याकडे ते आशेने पाहत आहेत. नायकांची चौकडी गोंधळून उभी आहे, कारण त्या झोर्बाला बसवण्यात त्यांचाच हात होता. अठरा वर्षांच्या मला हे सारे अगदी नवे होते. खलनायक असावा आणि तरीही त्याच्या प्रजेने त्याला परत बोलवावे, याने मी दोन रात्री अस्वस्थ होतो.

त्याच अंकाने मला माग काढण्याची पहिली युक्तीही शिकवली. मार्व्हलच्या जुन्या अंकांत एखाद्या पात्राने मागील घटनेचा उल्लेख केला की शब्दापुढे एक चांदणी असते आणि चौकटीच्या कोपऱ्यात संपादकाची बारीक टीप असते: अमुक मालिकेचा अमुक अंक पाहा. या टिपा जाहिरातीसाठी होत्या हे खरे, पण आपल्यासाठी त्या वाटाड्याचे काम करतात. मी एक शंभर पानी वही घेतली आणि हाती येणाऱ्या प्रत्येक अंकातील अशा टिपा उतरवून काढू लागलो. आज ग्रँड कॉमिक्स डेटाबेससारख्या संगणकीय सूचीत पात्राचे नाव टाकले की क्षणात यादी पुढे येते, आणि ती जरूर वापरावी. तरीही वही स्वतः करावी असा माझा आग्रह आहे. कारण यंत्राने दिलेल्या यादीत डूमचे संपूर्ण चरित्र सांगणारा अंक आणि एका चौकटीत पुतळा म्हणून दिसलेला डूम यांना एकच ओळ मिळते.

म्हणूनच 'दर्शन' कशाला म्हणायचे हे आधी ठरवा. माझ्या वहीत प्रत्येक नोंदीपुढे एक खूण असते. कथा त्याच्यावाचून उभीच राहत नसेल तर एक खूण, तो पाहुणा म्हणून येऊन गेला असेल तर दुसरी, कोणाच्या आठवणीत, स्वप्नात किंवा भासात दिसला असेल तर तिसरी, आणि जुन्या कथेचे पुनर्मुद्रण असेल तर चौथी. मी पैसे फक्त पहिल्या दोन खुणांवर खर्च करतो. तिसऱ्या खुणेचा अंक स्वस्तात पुढे आला तर घेतो, शोधत जात नाही. तुमची विभागणी याहून निराळी असू शकेल, पण ती पहिल्या दहा अंकांच्या आत ठरवा. पुढे ठरवायला गेलात तर घेतलेल्या अंकांच्या बाजूने निकाल देण्याचा मोह होतो.

डूमच्या बाबतीत यात एक वेगळीच अडचण आहे, ती म्हणजे डूमबॉट. स्वतःची हुबेहूब यंत्रमानवी प्रतिकृती पुढे करून आपण मागे राहायचे, ही त्याची खोड पहिल्या अंकापासूनची आहे. पाचव्या अंकात चौघांपैकी थिंग त्याच्यावर झडप घालतो तेव्हा हाती यंत्रच लागते. पुढे लेखकांना ही मोठीच सोय झाली. न आवडलेली कथा असली की तो खरा डूम नव्हताच, असे म्हणता येऊ लागले. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९८१ सालचे आहे. एक्स-मेनच्या १४५ ते १४७ या अंकांत ख्रिस क्लेअरमाँट यांच्या कथेत आर्केड नावाचा उठवळ गुंड डूमच्या चिलखतावर काडी घासून पेटवतो आणि डूम ते सहन करतो. बर्न यांना हे रुचले नाही. त्यांनी १९८३ मध्ये फॅन्टॅस्टिक फोरच्या २५८ व्या अंकात असे दाखवले की तो अपमान गिळणारा डूम एक डूमबॉट होता, आणि खरा डूम त्या यंत्राला त्याच अपराधासाठी नष्ट करतो.

मग एक्स-मेनचे ते तीन अंक यादीत धरायचे की नाहीत? यावर मी अनेक संग्राहकांशी वाद घातला आहे आणि माझे उत्तर ठाम आहे: धरायचे. ज्या महिन्यात तो अंक विकला गेला त्या महिन्यात वाचकाने डूमच वाचला होता. दुसऱ्या लेखकाने दोन वर्षांनी दिलेला निकाल हा डूमच्या इतिहासाचाच भाग आहे. तो आधीचे पान फाडू शकत नाही. उलट, हे चारही अंक ओळीने वाचले की एका पात्राच्या मानापमानाविषयी दोन समर्थ लेखकांचा मतभेद आपल्या हातात येतो. २५८ वा अंक तर मी कोणालाही डोळे मिटून घ्यायला सांगेन. त्या अंकात मालिकेचे चारही नायक जवळजवळ बेपत्ता आहेत आणि सारा अंक डूमच्या एका दिवसाचा आहे. नायकांच्या मालिकेत खलनायकाला असे मोकळे घर फार क्वचित मिळते.

आता माझ्या मते ज्या अंकात डूमचा खरा आरंभ आहे त्याकडे येतो. १९६४ साली निघालेला फॅन्टॅस्टिक फोरचा दुसरा वार्षिकांक. किंमत पंचवीस सेंट, बहात्तर पाने. यात डूमची जन्मकथा बारा पानांत आहे, लॅटव्हेरिया हा देश प्रथमच यात दिसतो, शेवटी डूमविरुद्धची एक नवी दीर्घ कथा आहे, आणि मधल्या भागात पाचव्या अंकाची कथाच पुनर्मुद्रित केलेली आहे. म्हणजे एका अंकात पहिले दर्शन, बालपण आणि पुढचा संघर्ष असे तिन्ही हाती लागते, तेही मूळ काळातल्या कागदावर, मूळ काळातल्या शाईत. हा अंकही स्वस्त नाही. पण पाचव्याशी तुलना करता तो माणसाच्या आवाक्यात आहे. कोपरे झिजलेली, पण सर्व पाने शाबूत असलेली प्रत मिळाली तर ती घ्यावी.

ती बारा पाने मी किती वेळा वाचली असतील याची गणती नाही. जिप्सी वैद्याचा हा मुलगा. राज्यकर्त्याच्या मरणासन्न पत्नीला वाचवता आले नाही म्हणून बापाला मुलासह डोंगरात पळावे लागते, आणि बर्फात तो आपली वस्त्रे मुलाभोवती गुंडाळून स्वतः गारठून मरतो. आई चेटकीण होती आणि तिची पेटी मुलाच्या हाती येते. पुढे अमेरिकेतील विद्यापीठ, पुढे फॅन्टॅस्टिक फोरचा म्होरक्या झालेल्या रीड रिचर्ड्सने दाखवलेली गणितातील चूक, ती न ऐकण्याचा अहंकार, स्फोट, हकालपट्टी आणि तिबेटमधील भिक्षूंनी घडवलेले चिलखत. शेवटच्या भागात तो मुखवटा चेहऱ्यावर चढवायला सांगतो आणि धातू अजून पुरता निवालेला नसतो. किर्बी यांनी स्फोटानंतरचा चेहरा कुठेही दाखवलेला नाही. वाचक मुखवट्याच्या बाहेर उभा असतो आणि तो चटका मात्र त्याला बसतो.

किर्बी यांचे स्वतःचे मत असे होते की स्फोटाने डूमच्या चेहऱ्यावर एक बारीकसा व्रणच उमटला होता; परिपूर्णतेच्या वेडापायी त्याला तोही सहन झाला नाही. बर्न यांनी १९८५ सालच्या २७८ व्या अंकात हीच जन्मकथा पुन्हा चितारताना ते मत घेतले आणि खरी विद्रूपता त्या तापलेल्या मुखवट्यानेच आणली असे दाखवले. वार्षिकांक आणि २७८ वा अंक शेजारी ठेवून तीच दृश्ये पाहा. एकाच प्रसंगाकडे एकवीस वर्षांच्या अंतराने कसे पाहिले गेले, हे तुम्हाला कोणत्याही लेखातून इतके स्पष्ट कळणार नाही. २००६ मध्ये एड ब्रुबेकर यांनी सहा अंकांची जन्मकथा लिहिली, ती याच रांगेत तिसरी ठेवावी.

वाचनाचा क्रम लावताना मी सालापेक्षा धाग्याला महत्त्व देतो. डूमच्या आईचा धागा घ्या. १९६४ मध्ये तिच्याविषयी जेमतेम काही चौकटी आहेत. १९७० मध्ये ॲस्टॉनिशिंग टेल्स ही मालिका सुरू झाली. तिच्या पहिल्या आठ अंकांत अर्धा भाग का-झार या जंगलातील नायकाचा आणि अर्धा डूमचा होता. म्हणजे डूमला स्वतःचे असे घर मिळाले ते पहिल्यांदा भाड्याने आणि तेही निम्मे. वॉली वुड यांनी चितारलेले आरंभीचे अंक देखणे आहेत, पण माझा जीव अडकला आहे तो ऑक्टोबर १९७१ च्या आठव्या अंकात. जेरी कॉनवे यांची कथा आणि जीन कोलन यांची गडद, धुरकट चित्रे. दरवर्षी उन्हाळ्याच्या मध्यरात्री डूम आपल्या आईच्या आत्म्यासाठी नरकाच्या योद्ध्याशी एकटा लढतो आणि दरवर्षी हरतो, हे वाचकाला त्यात प्रथम समजते. जग जिंकू पाहणारा हा माणूस वर्षातली एक रात्र अशी घालवतो आणि त्याविषयी कोणाशी एक शब्द बोलत नाही.

या कथेचा शेवट यायला अठरा वर्षे लागली. १९८९ मध्ये रॉजर स्टर्न यांनी लिहिलेली आणि माइक मिन्योला यांनी चितारलेली, मार्क बॅजर यांच्या रंगांनी सजलेली एक मोठ्या आकाराची चित्रकादंबरी निघाली, ट्रायम्फ अँड टॉरमेंट. त्यात डॉक्टर स्ट्रेंज या जादूगार नायकाला सोबत घेऊन डूम नरकाचा स्वामी मेफिस्टो याच्या दारात जातो आणि आईला सोडवतो. पण त्यासाठी त्याला आईच्याच नजरेतून उतरावे लागते. हा शेवट मी आठवा अंक मिळण्याआधी वाचला होता, तेव्हा तो चांगला वाटला. आठवा अंक वाचून पुन्हा वाचला, तेव्हा माझ्याच्याने शेवटची पाने लवकर उलटवेनात. म्हणून सांगतो, या दोन गोष्टी त्याच क्रमाने वाचा. आठवा अंक पहिल्या किंवा दुसऱ्या महिन्यातच घ्यावा. तो अजूनही फार महाग नाही.

धाग्याच्या मागे जाताना मालिकांच्या नावांनी फसू नये, याचे उत्तम उदाहरण सुपर-व्हिलन टीम-अप ही १९७५ साली सुरू झालेली मालिका आहे. हिचे सतरा अंक निघाले. पूर्ण संच विकायला आहे असे वाचले की हात शिवशिवतात. प्रत्यक्षात पंधरावा अंक ॲस्टॉनिशिंग टेल्समधील कथांचे पुनर्मुद्रण आहे आणि सोळावा व सतरावा रेड स्कल या दुसऱ्या खलनायकाचे आहेत, त्यांत डूमचा संबंध नाही. उलट चौदाव्या अंकात डूम एका वायूच्या जोरावर साऱ्या जगाची इच्छाशक्ती काबीज करतो ती कथा संपते चॅम्पियन्स नावाच्या निराळ्याच मालिकेच्या सोळाव्या अंकात. पूर्ण संच घेणाऱ्याकडे नको ते तीन अंक येतात आणि हवा तो शेवट येत नाही. याच मालिकेपूर्वी १९७५ मध्येच दोन जाड विशेषांक निघाले होते, तेही यादीत लिहून ठेवा.

जग जिंकण्याची ही कल्पना पुढे १९८७ च्या एम्परर डूम या चित्रकादंबरीत पुन्हा येते. तिथे तो दुसऱ्यांच्या मनावर ताबा मिळवणाऱ्या पर्पल मॅनच्या शक्तीने खरोखर जग जिंकतो, युद्धे थांबवतो, आणि मग कारभाराच्या कागदपत्रांनी कंटाळून जातो. डेव्हिड मिशेलिनी यांनी त्यापूर्वी १९८१ मध्ये आयर्न मॅनच्या १४९ आणि १५० या अंकांत बॉब लेटन यांच्यासह डूमला राजा आर्थरच्या काळात नेले होते. दोन चिलखतधारी माणसे, दोघेही यंत्रांचे स्वामी; त्यांतला एक व्यापारी आणि एक राजा. फॅन्टॅस्टिक फोरबाहेरचा सर्वोत्तम डूम कोणता, असे कोणी विचारले तर मी हे दोन अंक पुढे करतो. बाजारात त्यांच्या प्रती भरपूर असल्यामुळे चांगल्या अवस्थेतील प्रतीसाठी थांबायला हरकत नाही.

लहानसहान भेटींचाही एक वेगळा आनंद असतो. १९७३ सालच्या, पैसे घेऊन काम करणाऱ्या ल्यूक केज या नायकाच्या आठव्या आणि नवव्या अंकांत डूम केजला कामावर ठेवतो आणि मजुरी बुडवतो. ते दोनशे डॉलर वसूल करायला केज थेट लॅटव्हेरियात जाऊन धडकतो. १९६३ सालच्या अमेझिंग स्पायडर-मॅनच्या पाचव्या अंकात डूम प्रथमच दुसऱ्या नायकाच्या मालिकेत गेला, तो स्टीव्ह डिट्को यांच्या हातून. आणि जवळपास अठ्ठावीस वर्षांनी मार्व्हल सुपर-हिरोज या त्रैमासिकाच्या आठव्या अंकात त्याच डिट्को यांनी डूमला पुन्हा चितारले. त्या कथेत स्क्विरल गर्ल नावाची मुलगी खारींच्या मदतीने त्याचा पराभव करते. तो अंक आज महाग आहे तो तिच्या पहिल्या दर्शनामुळे. खलनायकाच्या संग्राहकाला हे नेहमी भोवते. आपल्या माणसासाठी हवा असलेला अंक दुसऱ्याच कोणाच्या नावाने महागलेला असतो. अशा अंकाची झिजलेली प्रत घ्यावी आणि पुढे जावे.

किमतींविषयी बोलायचे तर, जुलै २०२४ मध्ये सॅन डिएगो येथे रॉबर्ट डाउनी ज्युनियर पडद्यावर डॉक्टर डूम साकारणार असल्याचे जाहीर झाल्यापासून डूमच्या नावाचे सारे काही विक्रेत्यांनी वर नेऊन ठेवले आहे. चित्रपटांच्या बातम्यांनी फुगलेली किंमत पुढे तशीच टिकते असे माझ्या पाहण्यात नाही. घाई करू नका. ज्या अंकांत खरे कथाबळ आहे, त्यांतील बरेच अजूनही जुन्या अंकांच्या खोक्यांत इतर अंकांसोबत पडलेले असतात, कारण मुखपृष्ठावर डूम नाही.

अवस्था ठरवण्यासाठी दहा गुणांची पट्टी प्रचलित आहे. वाचण्यासाठी जमवणाऱ्याला चारच्या आसपासची प्रत, म्हणजे कडा झिजलेली, मुखपृष्ठाला घड्या असलेली पण पूर्ण असलेली, अगदी योग्य आहे. सीजीसी या संस्थेकडून गुण देऊन प्लास्टिकच्या कठीण पेटीत बंद केलेल्या प्रती मिळतात. तिचे जांभळे लेबल असेल तर प्रतीची डागडुजी झालेली आहे असे समजावे. महाग अंक घेताना अशा पेटीने फसवणूक टळते हे मान्य आहे, परंतु पेटीतला अंक उघडता येत नाही, आणि ज्याची पाने उलटता येत नाहीत तो अंक माझ्या लेखी अर्धाच माझा असतो. म्हणून मी दोन सोडून सर्व प्रती पेटीबाहेरच्या घेतल्या आहेत.

प्रत हातात आली की पाने मोजा. मधले पान सुटून हरवलेले असण्याची शक्यता सर्वांत जास्त, कारण ते केवळ दोन टाचण्यांवर लटकलेले असते. १९७४ ते १९७६ या काळातील अंक असेल तर वाचकांच्या पत्रांचे पान आवर्जून पाहा. त्या पानावर एक छोटे चित्रतिकीट छापलेले असे आणि कित्येक मुलांनी ते कात्रीने कापून वहीत चिकटवले. एका विक्रेत्याने 'उत्तम' म्हणून पाठवलेल्या अंकात मला त्या जागी चौकोनी खिडकी मिळाली, आणि तिच्यातून मागच्या पानावरच्या कथेतील दोन वाक्ये गेलेली होती. तेव्हापासून त्या काळातील अंकासाठी त्या पानाचे छायाचित्र मागितल्याशिवाय मी पैसे देत नाही. मुखपृष्ठाची आतली बाजूही उजेडात धरून पाहावी. बाहेरून शाईने रंग भरला असेल तर तो आत पाझरलेला दिसतो. कडा संशयास्पदरीत्या सरळ आणि स्वच्छ असतील तर त्या कापलेल्या आहेत का हे दुसऱ्या अंकाशेजारी ठेवून ताडून घ्यावे.

भारतात राहून मागवताना टपालखर्च अंकापेक्षा जड होतो. त्यासाठी मी वर्षभर यादी करतो आणि एकाच विक्रेत्याकडून पंधरा-वीस अंक एकत्र मागवतो, किंवा परदेशातून सुट्टीला येणाऱ्या नातेवाइकाच्या पत्त्यावर पाठवून घेतो. पहिल्या खुणेचे जे अंक परवडतच नाहीत, ते पुनर्मुद्रित जाड ग्रंथांत वाचावेत. त्यात कमीपणा नाही. सुपर-व्हिलन टीम-अपचा कृष्णधवल एकत्रित खंड २००४ मध्ये निघाला होता. मूळ अंक मिळेपर्यंत मी त्यावरच भागवले होते.

जतनाविषयी अमेरिकन पुस्तकांत जे लिहिलेले असते ते आपल्या हवेला पुरत नाही. हा कागद वर्तमानपत्री जातीचा. त्यातील आम्लामुळे तो आपोआप पिवळा आणि ठिसूळ होत जातो, आणि आपला पावसाळा त्या कामाला हातभार लावतो. प्रत्येक अंक आम्लरहित पुठ्ठ्यासह पिशवीत घालावा. साध्या पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या मी पाच-सहा वर्षांनी बदलतो. मोजक्या जुन्या अंकांना मायलार या पॉलिएस्टर प्लास्टिकच्या पिशव्या आहेत, त्या महाग असल्या तरी टिकतात. अंक खोक्यात उभे ठेवावेत, पण सैल ठेवू नयेत. सैल राहिले की वाकतात. खोके जमिनीवर नको आणि पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीला टेकवून तर मुळीच नको. सिलिका जेलच्या पुड्या जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला बदलाव्यात किंवा तापवून पुन्हा वापराव्यात. डांबरगोळ्या मी वापरत नाही, कारण त्यांचा वास कागदात कायमचा मुरतो. कसर लागली आहे का हे पाहायला दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत सर्व खोकी उघडून प्रत्येक अंक पिशवीबाहेर काढतो. या कामाला दोन रविवार जातात आणि त्या निमित्ताने अर्धे अंक पुन्हा वाचून होतात. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी कधीही लावू नका. ती काही वर्षांत तपकिरी होते आणि निघताना शाई घेऊन निघते.

नव्या अंकांबाबत मात्र हात आखडता घ्यावा. २०१५ च्या सीक्रेट वॉर्समध्ये जोनाथन हिकमन आणि एसाद रिबिच यांनी डूमला देव करून सिंहासनावर बसवले, ते नऊ अंक घ्यावेतच. १९८४-८५ च्या त्याच नावाच्या मालिकेत त्याने बियॉन्डर या जवळजवळ सर्वशक्तिमान पात्राची शक्ती हिरावून घेतली होती, त्या कथेचा हा थोरला प्रतिध्वनी आहे. २०१९ ची ख्रिस्तोफर कँटवेल यांची दहा अंकांची मालिकाही चांगली आहे. परंतु आता एकाच अंकाची पाच-सात निराळी मुखपृष्ठे निघतात आणि त्यांतल्या निम्म्यांवर डूम असतो, मग आत तो असो वा नसो. मुखपृष्ठापुरता डूम माझ्या वहीत नोंदला जात नाही.

आता तुमच्यासाठी पहिल्या वर्षाची खरेदी सांगतो. फॅन्टॅस्टिक फोर २४६ आणि २४७ एकत्र, मग २५८, मग ॲस्टॉनिशिंग टेल्सचा आठवा अंक आणि त्यानंतर ट्रायम्फ अँड टॉरमेंट. पुढे आयर्न मॅन १४९-१५०. एवढे झाल्यावर उरलेले पैसे साठवत जा आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी १९६४ चा वार्षिकांक घ्या. मला तो मिळायला सात वर्षे लागली. न्यू जर्सीतील एका जुन्या दुकानात तो मिळाला; पहिल्या पानावर कोण्या मुलाने पेन्सिलीने आपले नाव आणि 'माझा आहे' असे लिहिले होते, आणि विक्रेत्याने त्यासाठी किंमत कमी केली. ते नाव मी खोडलेले नाही. माझ्या पहिल्या खोक्यात सर्वांत पुढे एक कोरा पुठ्ठा आहे, त्यावर फॅन्टॅस्टिक फोरचा पाचवा क्रमांक लिहिला आहे. ती जागा अजून रिकामी आहे, आणि तिच्या लगेच मागे हा वार्षिकांक उभा आहे.